दवाखान्याच्या दारातली बंडी

चर्रर्र.

भर दुपारी घर चिडीचूप झालं होतं. बाळाचा नुकताच डोळा लागला होता आणि नेमकी तेव्हाच ताईने माझी वेल्क्रोची पट्टी ओढली. "अगं, हळू. आत्ता कुठे झोपलाय तो," आई दबक्या आवाजात म्हणाली. माझ्या पट्टीच्या चर्रर्र आवाजात काय गोडी आहे, ते ताईलाच ठाऊक.

मित्रांनो, मी एक जुनी बंडी आहे. थंडीत घालतात तसली नव्हे, गोळी अडवणारी. कारखान्यातल्या एका शिवणबाईने मला तिहेरी टीप मारली आणि गोळी थोपवणाऱ्या जाड पाट्या ठेवायला पुढेमागे खिसे केले. सैनिकांच्या बंडीवर देशाचा झेंडा असतो. माझ्या छातीवर मात्र एका कंपनीचं नाव चिकटलं. कारण मला घालणारे या घरातले बाबा सैनिक नव्हते. लढाई चालू असलेल्या एका परक्या गावात दवाखान्याचं दार राखायला कंपनीने नेमलेले ते खासगी रक्षक होते.

चार वर्षं आम्ही त्या दारात उभे होतो. माझं वजन तर विचारूच नका, बाबांच्या खांद्यांवर वळ उठायचे. आतल्या डॉक्टरीणबाई येताजाता मला टिचकी मारून म्हणायच्या, "दोघं जागेवर आहात ना? मग मी कामाला लागते." तेवढ्या कौतुकावर माझा दिवस निघायचा.

एक सकाळ मात्र विसरत नाही. एक बाई छातीशी गाठोडं धरून फाटकाकडे धावत आली. थांब म्हटलं तरी थांबेना. गाठोड्यात बॉम्ब असेल म्हणून शेजारच्या रक्षकाने बंदूक उचलली. बाबांनी बंदुकीची नळी हाताने खाली दाबली आणि स्वतः पुढे झाले. माझ्या आत त्यांचं काळीज धाडधाड उडत होतं. गाठोड्यात तापाने फणफणलेलं लेकरू निघालं.

पुढे माझी मुदत संपली. माझ्यासारखीलाही मुदत असते. आत शिक्का मारून तारीख छापलेली असते. कंपनीने पाट्या काढून घेतल्या, छातीवरचं नाव ओरबाडून घेतलं, आणि मी रिकामी होऊन बाबांसोबत घरी आले. बाबा शाळेची बस चालवायला लागले. मी वर्षभर माळ्यावर धूळ खात पडले. मग ताईने मला खाली ओढलं. आता पाटीच्या खिशात तिची चित्रकलेची वही बसते. बरं वाटतं.

काल मात्र कंपनीचा निरोप आला: नवी बंडी तयार आहे, परत या. जेवताना विषय निघाला. आजोबा जुने फौजी.

"सैनिकाला जाब विचारायला वर कुणीतरी असतं," ते म्हणाले. "त्या दिवशी ती बाई मेली असती, तर तुम्हाला कोण विचारणार होतं? कंपनीचा मॅनेजर?"

"आणि आम्ही नसतो तर डॉक्टरीणबाई तिथे राहिल्या असत्या? फौज कुठे होती, अण्णा?" बाबा म्हणाले.

"डोंगरापलीकडे. फौज नेहमी डोंगरापलीकडेच असते," आजोबा म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

बाबांनी मान हलवली. "तुमचंही खोटं नाही. नळी खाली दाबली ती मी माझ्या मनाने. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं." मग आईकडे बघून म्हणाले, "नाही जात मी."

"मी काही म्हटलं का?"

"भरल्या पेल्यात तीनदा पाणी ओतलंस."

मला खुंटीवरही हलकं हलकं वाटलं. मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी दुसऱ्याचं दार राखून परतलं असेल, तर त्याच्या वस्तू माळ्यावर टाकू नका. त्यांना हात लावा, त्यांचं काय काय झालं ते विचारा.

विचारायला ताई कधीच मागे नसते. आत्ता ती मला अंगाभोवती गुंडाळून आईच्या कुशीला टेकली आहे. मी तिच्या गुडघ्यांपर्यंत येते. आई माझी पट्टी आवाज न करता लावते आहे.

"आई, बाबांची ती नवी बंडी आता दुसरं कुणी घालणार ना?"

"हो, घालेल कुणीतरी."

"मग तो पण नळी खाली दाबेल?"