दिपालीले बोलवा

माझा हात हलका आहे, हे धंतोलीतल्या आमच्या हॉस्पिटलात सगळ्यांना कळलं आणि तिथंच माझं वाटोळं झालं. खाटा सगळ्या सिस्टरना सारख्याच वाटून दिलेल्या. पण कुणाची शीर सापडली नाही, की हाक मलाच. "दिपालीले बोलवा!" मग माझे पेशंट ताटकळतात, डबा तसाच राहतो, घरी जायला रोज उशीर. वर कौतुक करतात. त्या कौतुकाचा मला आता वीट आलाय.

आज सोनिकाच्या शाळेत गॅदरिंग होतं. मागच्या वर्षी माझी लेक स्टेजवर नाचत होती तेव्हा मी इथं कुणाचा तरी हात धरून शीर शोधत बसले होते. म्हणून इन्चार्ज कुसुमताईंना कालच सांगून टाकलं, "ताई, उद्या ड्युटी संपली का मी निघते. नाहीतं राजीनामा घ्या." त्यांनी सकाळीच सगळ्यांना बजावलं: जिचा पेशंट, तिनंच सलाईन लावायचं. दिपालीला कुणी हाक मारायची नाही.

दुपारी ड्युटी संपली, मी पर्स खांद्याला अडकवली आणि पलीकडच्या खाटेवर रंभाबाई कण्हायला लागल्या. मौद्याहून आलेल्या, हात सुजलेले. नवी सिस्टर उन्नती दोनदा टोचून घामाघूम झाली होती.

"काहून टोचून राहिल्या माह्या मायले?" त्यांचा मुलगा ओरडला. "त्या दिपाली सिस्टरले बोलवा ना!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे पाय आपोआप तिकडं वळले. स्वतःच्याच पायांचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

"तू जाय वं," मागून कुसुमताई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा लावला, हातमोजे चढवले आणि खाटेजवळ स्टूल ओढलं. मी त्यांना आजवर सुई धरताना पाहिलं नव्हतं. त्यांनी रंभाबाईंचं मनगट बोटानं चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि एकदाच टोचलं. सलाईन सुरू झालं. म्हातारीला कळलंसुद्धा नाही.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते रागानं.

"ताई, तुमाले तं येते. मंग इतके वर्षं काहून नाही लावलं?"

कुसुमताई पट्टी चिकटवत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "तू होती ना."