टाकी लावलेला रूळ

साहेब, तुम्ही एका बाईचं गावोगाव फिरणं बंद पाडलंत आणि वर म्हणता, नियमानं केलं.

मित्रांनो, दचकू नका. हे तुम्हाला नाही. ज्या साहेबांनी आम्हाला पोलीस ठाण्याच्या या आवारात आणून टाकलं, त्यांना आहे. त्यांचं नाव मला ठाऊक नाही. त्यांनीही माझी कधी चौकशी केली नाही. म्हणून मीच सांगतो.

मी एक जुना लोखंडी रूळ आहे. दोन बोटांएवढा जाड, वीतभरही लांब नाही. आधी मी मळणीयंत्राच्या दांड्यात होतो. सोयाबीनचा भुसा अंगावर घेत कैक हंगाम फिरलो. यंत्र मोडीत निघालं तेव्हा शेलूबाजारच्या हेमसिंग वेल्डरनं दांडा कापला आणि माझा तुकडा दुकानाच्या कोपऱ्यात टाकला. तिथं मला लखमा आणि सुंदरबाई भेटले.

हे नवरा-बायको पाट्याला टाकी लावतात. पाटा वापरून गुळगुळीत झाला की मिरची त्यावर नुसती घसरते. मग छिन्नी-हातोडीनं त्याला बारीक खड्डे पाडून द्यावे लागतात. घरोघर मिक्सर आले, तरी ठेचा पाट्यावरचाच लागतो, असं म्हणणारी घरं वाडीवस्तीवर अजून आहेत. पण ती पांगलेली. सुंदरबाईचे गुडघे गेलेले, म्हणून लखमा तिला सायकलवर मागं बसवून न्यायचा. पुढं दगडाची भुकटी लखमाच्या छातीत बसली. चढ आला की तो खोकत खाली उतरायचा आणि ती लंगडत चालायची. फिरणं थांबलं असतं तर चूल थांबली असती. दोघांना दुसरं काही येत नव्हतं.

एका घरानं टाकीच्या बदल्यात त्यांना बंद पडलेला फवारणीपंप दिला. लखमानं त्याचं अजून चालणारं पेट्रोलचं इंजिन हेमसिंगपुढं ठेवलं.

"हेमसिंगभाऊ, हे सायकलले लाव."

"साखळीले जागा नाही दादा. रूळ लावू. इंजिन रुळाले फिरवन, रूळ टायरवर घासून चाकाले फिरवन."

जाड रूळ जोरात पळवतो पण चढावर दम टाकतो. बारीक रूळ हळू जातो पण चढ चढतो. म्हणून कोपऱ्यातल्या जाड भावंडांना सोडून हेमसिंगनं मला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी निवडलं होतं!

मागच्या चाकावर, कॅरिअरच्या जागी त्यानं बिजागरीवर पत्रा बसवला. त्यावर इंजिन आलं, खाली मी. मला टायरवर दाबून धरायला स्प्रिंग, आणि वर उचलायला एक दांडी. दोघं पुरुष मोठ्या खुशीत उभे होते. सुंदरबाईनं सायकलला एक फेरी मारली.

"लय चांगलं झालं. अन् मी कुठं बसू? तुमच्या डोक्यावर?"

जिच्यासाठी सारा खटाटोप, तिचीच बसायची जागा आम्ही खाल्ली होती. हेमसिंग हसून हसून खाली बसला. मग सगळं उपसून पुढच्या चाकावर बसवलं.

आता दुसरी पंचाईत. मी होतो गुळगुळीत. टायरवर नुसता घसरायचो. लखमा म्हणाला, "त्यात काय, टाकी लावतो!" आणि सवयीच्या हातानं त्यानं माझ्या अंगावर पाट्यासारखे खोल खड्डे पाडले. मी टायर असं काही धरलं की रस्ता पळू लागला. पण पहिल्याच फेरीत मी टायर कुरतडून त्याचे धागे बाहेर काढले.

"अवो, त्याच्यावर मिरची वाटाची हाय का?" सुंदरबाई कडाडली. "आना इकडं."

तिनं मला कानशीनं घासलं, मांडीवर घेतलं आणि पुन्हा टाकी लावली. इतकी हलकी, की बोट फिरवलं तर नुसतं खरखरीत लागावं. चढावर ती मागं बसली की पुढचं चाक हलकं पडायचं आणि मी परत घसरायचो. तेव्हा छिन्न्यांची जड पिशवी तिनं मांडीवरून काढली आणि हँडलला अडकवली. त्या वजनानं चाक दबलं आणि मी चढ चढलो.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. मी उलटा फिरायचो, चाक सुलटं फिरायचं. बाया म्हणायच्या, "आली वं टाकीवालीची फटफटी!" पोरं मागं धावायची. मुक्कामाला पोचलं की सुंदरबाई आधी दांडी ओढून मला टायरवरून वर उचलायची. उभ्या गाडीत रूळ दाबून राहिला तर टायरला खड्डा पडतो. एवढी साधी काळजी. ती तिनं एकदाही चुकवली नाही.

मग हायवेवर तुम्ही आडवे आलात, साहेब.

"नंबर कुठंय?"

"सायकल हाय साहेब. पायडल पाहा ना."

"आणि हे इंजिन?"

"फवारणीचं हाय जी."

"मग काय रस्त्यावर फवारणी करतोस? गाडी आहे ही. लाव आत."

लखमा नंबर आणायला मंगरूळपीरला आरटीओच्या कॅम्पात गेला. तिथले साहेब म्हणाले, सायकलला कुठं नंबर असतो? तो परत आला. तुम्ही म्हणालात, नंबराशिवाय सोडत नाही. तो म्हणाला, इंजिन अन् रूळ ठेवून घ्या, नुसती सायकल द्या. तुम्ही म्हणालात, पुरावा आहे, हात लावायचा नाही.

तेव्हापासून मी टायरवर दाबलेलाच आहे. एकाच जागी. माझ्याखालचं रबर तडकलं, मला ते कळतं. स्प्रिंग मागून रेटते आणि मला हलता येत नाही. ज्या टायरला मी इतकं फिरवलं, त्याला मीच मारतो आहे. मित्रांनो, याहून लाचार काय असतं?

आज सुंदरबाई स्वतः आली. फाटकाला धरून उभी राहिली.

"साहेब, गाडी नका देऊ. ते दांडी तेवढी वर करा. टायर मरून राह्यलं."

"उद्या बघू, बाई."

"घरधनी खाटेवर हाय जी. आता मलेच पायी फिरा लागते. ह्या गुडघ्यानं किती गावं होतीन?"

तुम्ही मोबाईलवरून मान वर केली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी हातानं काही बनवलं असेल तर त्याला जपा. ते बिघडलं तर बनवणाऱ्याच्या हाताला दुरुस्ती येते. पण ते असं कुलपात पडलं, तर त्या हातांनी काय करायचं, ते मला माहीत नाही.

साहेब, तुम्हाला माहीत असेल. मी गाडी असेन तर नंबर द्या. सायकल असेन तर सोडा. दोन्ही नसेन, तर कोणत्या गुन्ह्यात मला इथं डांबलंय? सुंदरबाई अजून फाटकाशी उभी आहे. मला नका सांगू. बाहेर या आणि तिच्या तोंडावर सांगा.