तटस्थ

अरुणाने कणकेचा गोळा परातीत आपटला आणि बेडरूमच्या उघड्या दाराकडे पाहिलं. दिलीपराव टाय बांधत होते. वर कोट, खाली घरचा पायजमा. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला वरचंच दिसणार होतं.

"आज तरी शौनकचं नाव घ्याल ना?"

"घरचं दुखणं तिथे मांडायचं नसतं, अरुणा."

परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाला चॅनेलवाले तज्ज्ञ म्हणून बोलवत. दोन महासत्ता भांडत होत्या आणि भारताने काय करावं, हे आज ते सांगणार होते. त्याच भांडणात एकीने आखातात अडवून ठेवलेल्या मालवाहू जहाजावर यांचा एकुलता एक मुलगा होता. जहाज न्हावा शेव्याच्या बंदराला लागायचं होतं, नेरूळच्या या घरापासून तासाभराच्या वाटेवर. इतर देशांतल्या आया टीव्हीवर रडल्या, त्यांची पोरं सुटली. आपली तेवढी राहिली, कारण आपण फार शहाणे.

"आपली भूमिका तटस्थ आहे. त्यातच पोरांचं भलं आहे."

"तट म्हणजे किनारा ना हो? मग राहा उभे किनाऱ्यावर! माझं पोरगं पाण्यात आहे."

त्यांनी दार लावून घेतलं.

अरुणा तशीच कणकेच्या हातांनी हॉलमध्ये टीव्हीसमोर उभी राहिली. संयम. समतोल. दीर्घकालीन हित. एकेका शब्दाला तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. एवढी वर्षं जगाची भांडणं मिटवली म्हणे, आणि स्वतःच्या लेकासाठी यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही.

"सर, अडकलेल्या खलाशांच्या घरच्यांना काय सांगाल?" निवेदिकेने विचारलं.

दिलीपरावांनी चष्मा काढला. मान खाली घालून पुसत बसले.

आता पुन्हा संयम म्हणतील. ते तिला ऐकवणार नव्हतं. तिने टीव्हीखालच्या वायफायच्या डब्याची पिन भिंतीतून उपटली.

पडद्यावर ते चष्म्यासकट थिजले. "सरांशी संपर्क तुटलाय," निवेदिका म्हणाली आणि दुसऱ्या पाहुण्याकडे वळली.

बंद दाराआड मात्र दिलीपराव बोलत होते.

"घरच्यांना काय सांगू? मीच घरचा आहे. माझा मुलगा आहे त्या जहाजावर. शौनक. मी तटस्थ नाही. सरकारला हात जोडून सांगतो, ओरडा, भांडा, पण आमची पोरं आणा." पुढचं त्यांना बोलवेना.

अरुणा जागची हलली नाही.

थोड्या वेळाने दार उघडलं. त्यांचे डोळे लाल झाले होते, चष्मा अजून हातातच होता.

"ऐकलंस?"

पिन अजून तिच्या मुठीत होती. तिने हात पदराआड नेला.

"मी ऐकलं," ती म्हणाली.

आत त्यांचा मोबाइल वाजू लागला. ते लगबगीने वळले.

"बघ," ते म्हणाले, "लगेच फोन आला. खात्यातूनच असेल."