बुश आवळायला सगुणा हवी

लवूच्या जुन्या जीपला बोलायची भारी खोड. खड्डा आला की पुढून खडाक्, वळण आलं की कुंईऽऽ. हॉर्नची गरजच नाय.

बायको सगुणा पार विटली. म्हणाली, "संध्याकाळी भंगारवाला येतोय. तवर आवाज गेला नाय तर जीप त्याची. आणि आवाज जायच्या आधी मी तिच्यात पाय ठेवणार नाय!"

लवू तडक जीपखाली शिरला. होडीवरचं काम सुटल्यापासून ही जीपच त्याची होडी.

पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश फाटलेले. गणपतीआधीच तर नवे घातलेले, मग एवढ्यात फाटले कसे? शेजारचा अहमद मस्कतला गॅरेजात राबून आलेला. तो हसायलाच लागला.

"जीप जॅकवर टांगलेली असताना बोल्ट आवळलेस ना? खाली घेतल्यावर रबर पिळवटतं रे, फाटणारच! चाकं जमिनीवर, रोजचं वजन आत, मगच पाना फिरव."

लवूनं साबणपाणी लावून नवे बुश बसवले, जीप खाली घेतली. मागं मच्छीचे भरलेले टप ठेवले आणि सगुणाच्या सीटवर बर्फाची लादी. ऊन असं की पाना सापडेपर्यंत निम्मी सगुणा वितळून गटारात!

"मेल्या, बायकोला बोलव," अहमद म्हणाला.

"आणि सांगू काय तिला? तुझं वजन पायजे?"

"नायतर भंगारवाल्याला बसव!"

लवू ओट्यावर गेला. सगुणा कोळंबी सोलत होती.

"गो सगुणा, तुझ्यावाचून जीप अडलीय गो."

"लाडात येऊ नका. काय हवंय?"

"नुसती बस तिच्यात. आवाज जायला माणूस लागतं."

"माणूस की वजन?"

तिकडं अहमदला खोकला आला.

"मी पाय ठेवणार नाय म्हटलंय."

"नको ठेवू. मांडी घाल!"

अहमदनं स्टूल आणून जीपला लावलं. सगुणा स्टुलावर चढली, सीटवर बूड टेकलं, पाय वर घेतले आणि मांडीवर कोळंबीची परात. "घ्या. रोजच्यापेक्षा किलोभर जास्तच हाय."

लवू खाली शिरला आणि एकेक बोल्ट दात ओठ खाऊन आवळला. मग तशीच तिला घेऊन जेटीपर्यंत फेरी मारली. खड्डे आले, वळणं आली, जीप मुकी!

परत आले तर भंगारवाला दारात उभा. सगुणा मांडी न मोडता त्याच्यावर ओरडली, "उभा काय ऱ्हायलास? बाजूला हो! आणि ते स्टूल आण इकडं, मला उतरायचंय."