पाय बरा आहे

सामान हलवणाऱ्या माणसाची पाठ दुखली, तर त्यात नवल ते काय? धाकट्याची पाठ धरली तेव्हा त्याच्यासकट सगळ्यांनी हेच म्हटलं. दोघा भावांचा घरसामान हलवायचा धंदा होता. थोरला टेम्पो चालवायचा, गिऱ्हाइकांशी बोलणी करायचा. धाकटा अंगानं रेड्यासारखा, लोखंडी कपाट पाठीवर घेऊन जिना उतरायचा. गिऱ्हाइकं त्याला ‘क्रेन’ म्हणायची, आणि त्यालाही ते आवडायचं.

आधी मलम झालं, मग शेक. एका मालिशवाल्यानं पाठीत गुडघा रोवून ‘नस सरकलीय’ असं छातीठोकपणे सांगितलं. मग पट्टा आला, मग सुया झाल्या. दर वेळी पैसे गेले, पण थोडे थोडे, त्यामुळे कुणाला बोचले नाहीत. संध्याकाळी अंगात कसकस यायची, विजार कमरेवर ठरत नव्हती.

“अहो, हे नुसतं पाठीचं दुखणं नाही,” बायको म्हणायची.

“तू कधीपासून डॉक्टर झालीस?” तो म्हणायचा आणि कामाला निघायचा.

एका सकाळी त्याला कूसही बदलता येईना. थोरल्यानं त्याला दाराच्या फळीवर निजवून टेम्पोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. मोठ्या मशीनमधले फोटो झाले. मणक्यात जंतू शिरले होते, पू धरला होता. कुठला जंतू ते कळायला मणक्यातलाच तुकडा काढून तपासावा लागला. जंतू सापडला, पण साध्या औषधांना दाद देणारा नव्हता. त्याला लागू पडणारं इंजेक्शन रोज शिरेतून द्यायचं, तेही कित्येक आठवडे. एकेका बाटलीची किंमत ऐकून थोरला खाली बाकावर बसला.

“लवकर आला असता, तर एवढ्यावर आलं नसतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता एक लक्षात ठेवा. पायाला मुंग्या आल्या, बधिरपणा आला, जोर कमी वाटला, तर त्याच क्षणी सांगायचं. मग ऑपरेशनला पर्याय नाही.”

विमा होता तो टेम्पोचा, माणसांचा नव्हता. थोरल्यानं साठवलेलं काढलं, वहिनीनं बांगड्या दिल्या, धाकट्याच्या सासऱ्यांनी जमेल तेवढं पाठवलं. “इंजेक्शनांवर भागलं, तर निभावून नेऊ,” थोरला म्हणाला. “ऑपरेशन लागलं, तर मग टेम्पो...”

धाकटा उताणा पडून होता. डोक्यावर पंखा, अंगाला नळ्या. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा खोकला, तरी मान वळवून बघायची चोरी. आयुष्यभर लोकांची घरं उचलून इकडची तिकडे नेली आणि आता स्वतःचा देह खाटेच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला नेता येईना. टेम्पो गेला तर दादाची पोरं काय खातील, हा एकच विचार घाण्याच्या बैलासारखा डोक्यात फिरत राहायचा.

एक दिवस सकाळी डॉक्टरीणबाई तपासून गेल्या तेव्हा सगळं ठीक होतं. दुपारी उजवा पाय परका वाटायला लागला. त्यानं अंगठा हलवून पाहिला. हलला, पण ऐकल्या न ऐकल्यासारखा.

“पाय कसे आहेत?” नर्सनं विचारलं.

“पाय बरा आहे,” तो म्हणाला. एकाच पायाबद्दल बोललो, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

थोड्या वेळानं बायको त्याचे पाय पुसायला बसली, आधी उजवा. नळाला गरम पाणी नव्हतं, म्हणून गारच आणलं होतं. गार पाण्यानं एरवी ओरडणारा हा आज गप्प का म्हणून तिनं सहज विचारलं, “फार चटका नाही ना बसत?”

“छे, छान ऊब लागतेय.”

तिचा हात थांबला. तिनं फडकं पिळलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“पाणी गार आहे.”

त्यानं नजर पंख्याकडे वळवली.

“कधीपासून?”

त्यानं तिचं मनगट धरलं. “सांगू नकोस. टेम्पो जाईल. एक दिवस थांब, औषध लागू पडेल.”

“आणि नाही पडलं तर? जन्मभर लुळे पडून राहाल. मग टेम्पो चाटायचा का?”

“तुला माझी शपथ आहे.”

“तुमची शपथ पाळायला तुम्ही धड राहायला हवेत ना!” तिनं हात हिसडला आणि नर्सकडे धावत सुटली. तो मागून ओरडत राहिला. नाही नाही ते बोलला. ज्या हातांनी कपाटं पेलली, त्यांना बायकोचं मनगट पेलवलं नाही आणि अंगाला तर उठताच येत नव्हतं.

थोरला आला तो थेट खाटेपाशी. धाकट्याला वाटलं, दादा पाठीशी उभा राहील. तो म्हणाला, “दादा, टेम्पो विकायचा नाही.”

“निम्मा माझा आहे ना? मग त्याचं काय करायचं ते तू एकटा कोण ठरवणार?” थोरल्याचा आवाज फाटला. “गधड्या, टेम्पो दुसरा मिळेल. भाऊ कुठल्या शोरूममध्ये मिळतो ते सांग.”

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. टेम्पो घेतला तो धंद्यातल्या जुन्या स्पर्धकानं, आणि अडलेल्याचा माल म्हणून पडत्या भावात घेतला. थोरला त्याच्याकडेच ड्रायव्हर म्हणून लागला. धाकट्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली.

पायात जोर हळूहळू परत आला. पण पाठीला कडक पट्टा होता आणि पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नव्हती. दिवसभर तो घरात एकटाच असायचा. दवाखान्याचं छत जाऊन घरातलं छत आलं, एवढाच फरक. भावाचं घर आपल्यापायी बसलं, हे ओझं तर कुठल्याच जिन्यावर उतरवून ठेवता येत नव्हतं. थोरला एका शब्दानंही तो विषय काढत नव्हता, त्यामुळे ते जास्तच जड व्हायचं.

एका सुट्टीच्या दिवशी थोरला आला, खुर्ची ओढून बसला. धाकट्याला राहवलं नाही.

“दादा, माझा राग येतो का रे?”

“येतो कधीकधी. परक्याची गाडी धुताना येतो.”

“मग?”

“मग काय? गाडीबरोबर तोही धुऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी गाडी मळतेच म्हणा.”

धाकट्याला हसू फुटलं आणि पाठीत कळ गेली, तसा तो पट्टा धरून जपून हसत राहिला.