मढं कोणावर?

भिंगरीला सगळे भिंगरी म्हणत ते तिच्या पायांमुळे. धावायला लागली की ती कोणाच्या हाती लागत नसे. खरं सांगायचं तर, 'मढं' हा खेळ तिला इतके दिवस वाईट वाटला नव्हता तो याच एका कारणाने.

खेळ निघाला तो एका साध्या उत्तरातून. बाईंनी वर्गात एकेकाला उभं करून विचारलं होतं, घरी कोण काय काम करतं. एक मुलगी शाळेत नुकतीच आली होती. तिचं नाव अजून कोणाच्या तोंडी बसलं नव्हतं, सगळे तिला नवीच म्हणत. ती उभी राहिली आणि म्हणाली, माझी आई मोठ्या दवाखान्यात मेलेल्या माणसांना अंघोळ घालते. आई शिवणकाम करते म्हणावं तितक्या सहज तिने हे सांगितलं. बाई 'छान' म्हणाल्या आणि घाईघाईने पुढच्या मुलाकडे वळल्या. वर्गाच्या अंगावर मात्र काटा आला.

मधल्या सुट्टीपर्यंत मॉनिटरने नियम तयार केले. मॉनिटर म्हणजे भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण, अभ्यासात पुढे आणि नियम करण्यात त्याहून पुढे. नवीला जो शिवेल त्याच्यावर मढं. त्याने ते दुसऱ्याला शिवून देऊन टाकायचं. नवीला परत द्यायचं नाही, तिच्याकडे ते आहेच. आणि सुट्टी संपल्याची घंटा होताना ज्याच्यावर मढं राहील, त्याच्या घरातलं कोणीतरी आठवड्याच्या आत जाणार. कुठे जाणार, हे कोणाला विचारावं लागलं नाही. त्याच आठवड्यात एका मुलाचं मांजर गाडीखाली आलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि खेळाला पुरावा मिळाला.

नवी तेव्हापासून सुट्टीभर नळापाशी असायची. हात धुवायची, पुसायची, पुन्हा धुवायची. भिंगरीने ते पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि पळत राहिली होती.

एक दिवस नळाजवळच्या ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला. ती उठेपर्यंत मॉनिटरने हसत हसत तिच्या पाठीवर थाप मारली आणि लांब धूम ठोकली. मढं आता भिंगरीवर होतं. घरी आजोबा होते. जन्मभर बस चालवलेले आजोबा दोन महिन्यांपासून अंथरुणाला खिळले होते. डॉक्टर बाहेरच्या खोलीत बाबांशी हळू आवाजात बोलत, आणि हळू आवाजात बोललेलं भिंगरीला हमखास ऐकू येई.

ती जिवाच्या आकांताने ढब्बूमागे धावली. ढब्बू वर्गातला सगळ्यांत जाडा मुलगा, तो भिंतीशी सापडलाच. पण त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि धापा टाकत म्हणाला की आमच्याकडे बाळ आहे गं. भिंगरी थबकली. बाकीचे केव्हाच पांगले होते. शिपाईमामा घंटेकडे निघाले होते.

"मला दे," नळापाशी उभी असलेली नवी म्हणाली.

भिंगरीला आधी कळलंच नाही.

"तुझे आजोबा आजारी आहेत ना? दे मला परत. मी कोणाला सांगणार नाही. आमच्या घरी आई एकटीच आहे, आणि ती तर रोजच शिवते. तिला काही होत नाही." मग ओले हात फ्रॉकला पुसत ती हळूच म्हणाली, "अजून तरी नाही झालं."

म्हणजे हिलासुद्धा ते खरं वाटत होतं. रोज संध्याकाळी ही घरी जाऊन आईच्या तोंडाकडे बघत असणार. भिंगरीचा हात पुढे झालेला होता. तो तिने मागे घेतला. तेवढ्यात घंटेचा टोला पडला.

मॉनिटर धावत आली. अजून टोले संपले नाहीत, दे त्या ढब्बूला, असं ती दटावून सांगू लागली. स्वतःचा हात मात्र तिने पुढे केला नाही.

"नाही देणार," भिंगरी म्हणाली. "राहू दे माझ्यावरच."

"मग आजोबा गेले तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

जिवाभावाची मैत्रीण हे बोलली.

घरी आल्यावर भिंगरी काही न खाता आजोबांच्या उशाशी बसली आणि त्यांची चादर वरखाली होते की नाही ते बघत राहिली. शेवटी आजोबांनीच विचारलं. रडत रडत तिने सगळं सांगितलं. आजोबा हसले नाहीत. नियम पुन्हा एकदा नीट विचारून घेतले.

"म्हणजे आठवडाभर माझी मरायची सोय नाही म्हण की," ते म्हणाले. "अगं, मला जायचंय ते माझ्या वेळापत्रकाने. पण या आठवड्यात गेलो, तर खापर त्या पोरीच्या डोक्यावर फुटेल. माझं मरण मी असं कोणाच्याही नावावर खपवू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तेव्हा आजोबा फाटकाशी उभे होते. जिना उतरू नका असं डॉक्टरांनी बजावल्याची आठवण आईने तीनतीनदा दिली होती. डॉक्टर कुठे मढं खेळतात, असं म्हणून त्यांनी तिला गप्प केलं होतं आणि बाबांना गाडी काढायला लावली होती. इस्त्रीचा शर्ट अंगावर लोंबत होता. फाटकाचा गज त्यांनी घट्ट धरला होता. पोरं जागच्या जागी थांबली.

मॉनिटर कोण, असं त्यांनी विचारलं. ती पुढे आली.

"मी हिचा आजोबा. जिवंत आहे. तुझ्या नियमात लिहून घे."

आजोबांचे पाय आता लटपटायला लागले होते. बाबा धरायला आले, त्यांना त्यांनी नजरेनेच थांबवलं आणि नवीकडे हात पसरला. गाडीपर्यंत सोड म्हणाले. नवीने हात पाठीमागे नेले. आजोबांचा हात तसाच पसरलेला राहिला. हे आता पडणार, असं भिंगरीला वाटलं. मग नवीने तो हात धरला. दुसऱ्या बाजूने भिंगरीने धरला. ढब्बू गाडीचं दार उघडायला धावला.

"तुझी आई नेमकं काय काय करते गं?" चालता चालता आजोबांनी विचारलं.

हे तिला शाळेत पुढे कोणी विचारलंच नव्हतं. ती आधी चाचरली, मग सांगू लागली. आई पाणी कोमट करून घेते. नखं स्वच्छ करते. केस विंचरते, पण भांग कुठल्या बाजूला, ते आधी घरच्यांना विचारते.

"माझा डावीकडे," आजोबा म्हणाले. "सांगून ठेव तिला. मात्र घाई नाही म्हणावं."

नवी खुदकन हसली. आजोबा सीटवर टेकले, धाप जिरेपर्यंत डोळे मिटून बसले, आणि तिचा हात तेवढा वेळ त्यांच्याच हातात होता.