नव्या रबरावर पाय देऊ नका

मी एका जुन्या मोटारीचा डावा फुटबोर्ड आहे. मित्रांनो, तुमच्या आजच्या गाड्यांना मी नसतो, म्हणून आधी ओळख सांगतो. पूर्वीच्या मोटारी उंच असत. त्यांच्या दारांखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची एक लांब फळी असे. तिच्यावर पाय द्यायचा आणि आत चढायचं. पाय घसरू नये म्हणून वर काळं, रेघारेघांचं रबर चिकटवलेलं असे. ती फळी म्हणजे मी.

आमची मोटार भोरच्या एका डॉक्टरांची. वेल्ह्याच्या बाजूला तेव्हा धड रस्ते नव्हते, गावांच्या पाट्या तर नव्हत्याच. कोणत्या ओढ्यातून गाडी निघेल आणि कोणत्या ओढ्यात रुतून बसेल, हे सांगायला डॉक्टर भाटघरच्या गेनूला बरोबर घेत. गेनू आत बसत नसे. तो माझ्यावर उभा राही, एका हाताने दार धरी आणि दुसऱ्या हाताने वाट दाखवी. आत मागची अख्खी गादी रिकामी असली तरी तो उभाच. बस म्हणून त्याला कुणी म्हटलं नाही आणि बसू का म्हणून त्यानं कधी विचारलं नाही. अशी वीस वर्षं गेली. डॉक्टर देवमाणूस होते, असं भोरात आजही सांगतात. असतीलही. मी खाली होतो, मला दिसलं तेवढं सांगतो.

गेनू सकाळीच भोरला येऊन गाडी धुवायचा. मग गाडी भाटघरवरून जाताना त्याची बायको सगुणाबाई भाकरीचं फडकं घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असायची. गाडी जरा हळू व्हायची, ती फडकं वर द्यायची.

"एक डाव तुला आत बसवतो बघ," गेनू म्हणायचा.

"व्हय, बसवा," ती हसून म्हणायची आणि धुळीत मागं राहायची.

पुढे डांबरी रस्ते आले, पाट्या लागल्या. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथं वैद्य राहिला आणि वाटाड्याच गेला. सगुणाबाईला दिलेला शब्द पुरा न करताच गेनू वारला. नंतर डॉक्टरही गेले. मोटार शेडमध्ये पडली. माझ्यावर कोंबड्या बसल्या, सिमेंटच्या गोण्या बसल्या. रबर वाळून तडकलं. माझी आठवण कुणाला आली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कुणाची येईनाशी झाली.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या नातवाला, मंदारला, जुन्या मोटारींचं वेड लागलं. इंजिन पुण्यात झालं, रंगही पुण्यात झाला. आम्हा दोन फुटबोर्डांसाठी त्यानं नवं रबर आणलं आणि ते बसवायला गोरखला बोलावलं. गोरख म्हणजे गेनूचा मुलगा. भोरच्या एसटी स्टँडशेजारी त्याचं गॅरेज आहे. काम बघून तो मंदारच्या वडिलांना, श्रीपादरावांना म्हणाला, "दादा, मजुरी नगं. आईला एकदा आत बसवून भाटघरच्या धरणापातुर फिरवून आणा. चौऱ्याऐंशीची झाली ती."

"अरे, त्यात काय एवढं? नेऊ की," श्रीपादराव म्हणाले.

मग गोरख कामाला लागला. जुनं रबर त्यानं गरम पाण्यानं मऊ करून खरवडलं. खालचा गंज काचपेपरनं घासला आणि रंगाचा हात दिला. नव्या रबराची गुंडाळी त्यानं दोन दिवस उन्हात पसरून ठेवली. मंदारला घाई होती.

"थोडं ओढून चिकटवा ना काका, बसेल की," तो म्हणाला.

"रबार वढून बसवू नये. ते आपल्या मापाला माघारी जातं, मग कड उघडी पडती," गोरख म्हणाला. तो ऐकणारा नव्हता. त्यानं रबर पूर्ण सैल होऊ दिलं, पत्र्याला आणि रबराच्या पाठीला चिकटवायचं सोल्युशन लावलं, ते जरा सुकू दिलं आणि मधून कडेकडे दाबत नेलं. दाबायला घरचं लाटणं आणलं होतं. एक बुडबुडा राहिला नाही. मित्रांनो, मी कारखान्यातून निघालो तेव्हासुद्धा इतका देखणा नव्हतो.

दुपारी काम संपल्यावर गोरख स्वतःच म्हणाला, "उद्या ह्या वक्तापातुर ह्याच्यावर कुणी पाय द्यायचा न्हाई." मंदारनं तेवढं एका पुठ्ठ्यावर लिहून दारावर लटकवलं. 'नव्या रबरावर पाय देऊ नका.' 'उद्यापर्यंत' हा शब्द मात्र त्यानं लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता गोरख आईला घेऊन आला. सगुणाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. हातात काठी होती. पुठ्ठा तसाच लटकत होता.

"सगुणाबाई, या, या. चहा घ्या आधी," श्रीपादराव म्हणाले.

"चहा मागनं," ती म्हणाली आणि सरळ माझ्यापाशी आली. मी तिच्या पायाची वाट बघत होतो. मला वाटलं, आता गेनूचा शब्द तरी पुरा होईल.

मंदार मध्ये आला. "आजी, जरा थांबा. रविवारी पुण्यात प्रदर्शन आहे. परीक्षक पहिलं इथंच बघतात. काका, तुम्ही इतकं सुरेख बसवलंय, आता डाग नको."

"डाग कशाचा? वाळलंय ते," गोरख म्हणाला.

सगुणाबाईनं तोवर चपला काढल्या होत्या. माझ्याशेजारी वाकून, काठीवर तोल सांभाळत ती पदराच्या टोकानं तळवे पुसत होती.

श्रीपादरावांनी मुलाकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. "गोरख, तूच म्हणालास ना पाय देऊ नका म्हणून? रविवार होऊ दे. मग रोज बसव आईला."

गोरखचेच शब्द त्याच्यावर उलटले होते. "उचलून आत ठेवतो तुला, आई," तो म्हणाला.

"म्या काय पोतं हाय?" ती म्हणाली आणि चपलांत पाय घालू लागली.

मंदारला वाईट वाटलं असावं. "आजी, गाडीजवळ उभ्या राहा, फोटो काढतो," तो म्हणाला. ती राहिली. तो मोबाईलमध्ये बघत असताना ती गोरखला हळूच म्हणाली, "तुझा बा बी हितंच हुबा ऱ्हायचा." मग दोघं चहा न घेता एसटी गाठायला निघून गेले. मला त्या दिवशी माझ्या नव्या अंगाची किळस आली.

रविवारी आमच्या मोटारीला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी माझ्यावरून बोट फिरवून वाहवा केली. सोमवारी श्रीपादरावांनी गोरखला फोन केला, आता आईला आण म्हणाले. फोन ठेवून ते मंदारला म्हणाले, "ती येत नाही. 'आता नगं' म्हणाली."

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतो, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. मला आता फार जपतात, वरून प्लास्टिक घालतात. तुमच्या घरी नवी वस्तू आली, तर जे माणूस तिची वाट बघत म्हातारं झालं असेल, त्याला पहिल्याच दिवशी तिच्यावर चढू द्या. रबर ओल्या फडक्यानं पुसता येतं. सगुणाबाईचं 'आता नगं' पुसायला या घरात कुणाकडे काही नाही.